'कट' म्हणण्याआधी

कंपनीच्या कागदावर सही करायची की नाही हे ठरवायला हिरामणकाकांनी रविवारी अकरा वाजता सगळ्यांना बदलापूर गावातल्या घरी बोलावलं होतं, आणि दिपेश सकाळी आठपासून उल्हासनगरला कुर्त्यांच्या कॅटलॉगचं शूट लावून बसला होता. शूट पुढे ढकलता आलं असतं. पाच नंबर कॅम्पातला तो सिंधी व्यापारी जुना, घरोब्याचा; भाऊ गेलाय म्हटल्यावर तोच म्हणाला असता, साईं, अगले हफ्ते कर लेना. पण दिपेशने त्याला काही सांगितलंच नव्हतं. हातात कॅमेरा असला की दुसऱ्या कशाचं उत्तर द्यावं लागत नाही, ही सोय त्याला वीस वर्षांपासून ठाऊक होती.

नवव्या कुर्त्याला मात्र तो अडला. मॉडेलच्या मागे भिंतीचा पोपडा निघालेला दिसत होता. व्ह्यूफाइंडरमधून डोळा न काढता तो सवयीने म्हणाला, "ते झाकून टाका रे कशाने तरी. वाईट दिसतंय फ्रेममध्ये."

कुणीतरी लगेच कापड आणून लावलं. दिपेशने कॅमेरा खाली घेतला तो परत वर उचललाच नाही.

"काय झालं?" त्याची बायको संजीवनी हिशेबाच्या पॅडवरून मान वर करत म्हणाली. त्याच्या सगळ्या शूटची जुळवाजुळव तीच बघायची.

"चल, काकांकडे जाऊ. उरलेलं इथली मंडळी करतील."

गाडी अंबरनाथ पूर्वेच्या बाजारातून बाहेर पडली.

कल्पेशला जाऊन सात आठवडे झाले होते. हिरामणकाकांचा एकुलता मुलगा, दिपेशपेक्षा दहा वर्षांनी लहान. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या रसायनांच्या कंपनीत तो अकरा वर्षं होता, शेवटची तीन सुपरवायझर म्हणून. दुपारच्या पाळीत ड्रायरला आग लागली तेव्हा पुढची पाच माणसं पुढच्या दाराने पळाली. कल्पेश मागे होता. तो सापडला मागच्या दारापासून चार पावलांवर. कंपनीचं म्हणणं असं की ते दार उघडंच होतं. सुपरवायझरच गोंधळला, नियम विसरला आणि जिवाला मुकला. शिवाय मशीनवर त्याचंच लक्ष नव्हतं, असंही हळूच जोडून दिलेलं होतं. दाराला साखळी असायची हे पाळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण बंब यायच्या आत ती कुणी काढली, ते कुणीच पाहिलेलं नव्हतं.

त्याच कंपनीची फिल्म आठ महिन्यांपूर्वी दिपेशने केली होती. काम आणलं होतं हिरामणकाकांनी. कंपनीत मजूर पुरवण्याचा ठेका त्यांचा, मोठ्या साहेबांशी उठबस त्यांची. 'माझा पुतण्या जाहिराती काढतो' हे ते साहेबाला सांगताना त्यांची छाती कशी फुगली असेल, ते दिपेशला न बघताही दिसत होतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्या दिपेशला पहिला मोठा कॅमेरा घेऊन द्या म्हणून त्याच्या वडिलांशी भांडलेही तेच होते. तीन मिनिटांची ती फिल्म अजून कंपनीच्या स्वागतकक्षात दिवसभर चालू असायची. तिच्यात पिवळं हेल्मेट घालून कॅमेऱ्याकडे चालत येणारा, 'इथे प्रत्येक माणूस सुरक्षित आहे' म्हणणारा कामगार म्हणजे कल्पेश. वाक्य दिपेशने लिहिलेलं.

गुरुवारी कंपनीच्या प्रसिद्धी विभागातल्या शौनकचा फोन आला. "सर, आपल्या फिल्मचं न कापलेलं सगळं शूटिंग तुमच्याकडेच आहे ना? ती हार्ड डिस्क सोमवारपर्यंत पाठवून द्या. आणि कॉपी ठेवू नका प्लीज. वरून सांगितलंय."

आठ महिन्यांत त्या डिस्कला कुणी हात लावला नव्हता. आता अचानक तिची आठवण का झाली, म्हणून दिपेशने ती उघडली. दुपारी तीनला उघडली आणि पाच वाजेपर्यंत तो त्याच खुर्चीत होता. मग त्याने त्यातला एक तुकडा काढून लॅपटॉपवर घेतला. थोड्या वेळाने त्याच तुकड्याची शेवटची चाळीस सेकंदं छाटून दुसरी फाईल केली. एक मोठी, एक छोटी. संजीवनीला दोन्ही दाखवल्या.

गाडीने बदलापूरची बेलवली ओलांडल्यावर संजीवनी म्हणाली, "कुठली दाखवणार आहेस?"

"छोटी."

"हं. तेवढी पुरे आहे. साखळी दिसते, कल्पेशचं बोलणं ऐकू येतं. पुढचं कुणाच्या काय कामाचं?" ती थोडं थांबली. "ऑफिसात आठ माणसं आहेत, दिपेश. एमआयडीसीतली निम्मी कामं आपल्याकडे आहेत. तुझा आवाज बाहेर गेला, की कोण उभं करणार आपल्याला?"

"छोटी म्हटलं ना मी."

काकांच्या घरी ओटीवर चपला मोजक्याच होत्या. आत हिरामणकाका लाकडी खुर्चीत, काकी कौसाबाई भिंतीला टेकून खाली, तिच्याजवळ कल्पेशची बायको तेजल. कल्पेशची बहीण करिष्मा उभीच होती. उल्हासनगरच्या दवाखान्यात नर्स असलेली ती रात्रपाळी करून तशीच आली होती. तेजलची चार वर्षांची मुलगी शेजारी नेऊन ठेवली होती.

"आयलास? बस," काका म्हणाले. सात आठवड्यांत त्यांच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. "परवा मंगलवारी कल्यानला कारखाना निरीक्षकासमोर जायाचा हाय. त्याच्याआदी कंपनीनी ह्यो कागद दिल्लाय. तेजलला अंबरनाथच्या हापिसात नोकरी, कायमची. पोरीच्या शालेचा सगला कंपनी बघनार. मना वाटतंय, सही करून मोकला व्हावा."

"कागदात काय लिहिलंय तेही सांगा ना, बाबा," करिष्मा म्हणाली.

"तूच सांग. तू शिकलेली."

करिष्माने वाचलं. "'घटनेच्या वेळी मागील दरवाजा उघडा होता. मयत कर्मचाऱ्याने सुरक्षा नियमांचे पालन न केल्यामुळे दुर्दैवी घटना घडली. याबाबत कुटुंबाची कोणतीही तक्रार नाही.'" तिने कागद खाली ठेवला. "म्हणजे भावाने स्वतःलाच मारलं. आणि आपण त्यावर सह्या करायच्या."

"माजा कल्पेश आंधला नव्हता," कौसाबाई म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती. "अकरा वर्सा त्या दारातनं आला-गेला. त्याला दार नाय गावला?"

"अगो, मना कलत नाय का?" काकांचा आवाज चढला. "पन बोलनार कोन? माजी साठ मानसा हायेत तिथं. एकानं तरी तोंड उघाडला? कुनाला पुसा, साखली पायली काय, तर मान खाली. पुरावा पायजे, पुरावा! उद्या नोकरी पन गेली नि ठेका पन गेला, तर तेजलनी काय करायचा?"

"ठेक्याचंच सांगा की सरळ," करिष्मा म्हणाली.

"करिष्मा!" संजीवनी मध्ये पडली. "काकांना काय कमी दुःख आहे का?"

"संजूवहिनी, तुम्ही राहू द्या. तुमचीही कामं आहेत तिथे."

संजीवनीचा चेहरा उतरला. दिपेशच्या मांडीवर लॅपटॉपची बॅग होती, आणि तिचा पट्टा तो कधीपासून बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. काढायचा, छोटी फाईल लावायची, दोन मिनिटांचं काम. तरी हात पुढे जाईना. छोटी दाखवली की करिष्मा 'शाब्बास दादा' म्हणणार, काकी त्याच्या डोक्यावरून हात फिरवणार, आणि तो हात त्याला सोसणार नव्हता. त्यापेक्षा काहीच न दाखवलेलं बरं, असाही विचार येऊन गेला. डिस्क सोमवारी शौनककडे जाईल. तेजलला नोकरी लागेल. काय बिघडलं?

तेजल उठली. तिने कागद उचलला, टीव्हीजवळच्या डब्यातून पेन घेतलं.

"मी करते सही," ती म्हणाली. "भांडू नका तुम्ही. मला पोरगी वाढवायचीय. तिला तिचा बाप कसा होता ते मी सांगेन, कागद नाही सांगणार." मग कागद मांडीवर सरळ करता करता तिने दिपेशकडे पाहिलं. "फक्त मला एकदा सांगा, दादा. तुम्ही चार दिवस आत शूटिंग केलंत. तुमची नजर सगळीकडे असते. दार होतं ना उघडं? तुम्ही हो म्हणा, म्हणजे माझं मन निवेल."

ती खरंच त्याच्या 'हो'ची वाट बघत होती. तिला ते हवं होतं. बंद दारापाशी नवरा अडकून गेला या विचारापेक्षा नवरा गोंधळला हा विचार तिला झोप लागू देणार होता.

"नव्हतं," दिपेश म्हणाला.

काका खुर्चीत पुढे आले. "काय बोल्लास?"

"साखळी होती दाराला. कुलूप होतं. माझ्याकडे आहे शूटिंगमध्ये."

त्याने लॅपटॉप टीपॉयवर ठेवला. सगळी जवळ सरकली. पडद्यावर दोन फाईली शेजारी शेजारी होत्या. संजीवनी त्याच्या खांद्यामागे उभी होती. त्याने मोठी लावली.

पडद्यावर कारखान्याचा लांब गाळा आला, स्वच्छ धुतलेला. पिवळ्या हेल्मेटमधला कल्पेश चालत आला, थांबला, म्हणाला, "इथे प्रत्येक माणूस सुरक्षित आहे." कौसाबाईच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. कॅमेऱ्यामागून दिपेशचा आवाज आला, "मस्त. लाइट बदलतोय, तिथेच थांब." कॅमेरा चालूच होता. कल्पेशने हेल्मेट वर सारून कपाळ पुसलं, मागे वळून पाहिलं. त्याच्या मागे निळं लोखंडी दार, आणि त्याच्या कड्यांतून आरपार गेलेली जाडजूड साखळी.

"दादा," पडद्यावरचा कल्पेश म्हणाला, "ती साखळी पण घे की फिल्ममध्ये. लिहून देऊन दोन महिने झाले. कोण ऐकत नाही. तुझी फिल्म मोठे साहेब बघतील. दिसेल तरी त्यांना."

इथे छोटी फाईल संपत होती.

कॅमेऱ्यामागून दिपेशचं हसणं ऐकू आलं. आपलं हसणं इतकं मोकळं, इतकं आनंदी होतं, हे त्याला गुरुवारीही सहन झालं नव्हतं. "ती दाखवली तर मला परत बोलावतील का रे? वेडा आहेस. ए, तो सेफ्टीचा बोर्ड आणा इकडे. साखळी झाकून टाका, वाईट दिसतंय फ्रेममध्ये." दोन माणसं 'सुरक्षा प्रथम' लिहिलेला हिरवा फलक घेऊन आली, त्यांनी तो दारावर टेकवला. कल्पेशने त्यांना हातभार लावला, फलक सरळ केला आणि कॅमेऱ्याकडे बघून खांदे उडवले. मग दिपेशचा आवाज, "कट."

कौसाबाईने डोळे किलकिले करून विचारलं, "शेवटाला कोन बोल्ला ता?"

"मी, काकी."

"तूच?"

"मीच."

तिने मान हलवली, जशी ती बाजारात भाव ऐकून हलवायची, पटलंय की नाही ते न कळू देता. करिष्मा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. ती त्याला शिव्या देईल म्हणून तो वाट बघत होता. तिने दिल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं.

तेजलने विचारलं, "लिहून कुणाला दिलं होतं त्यांनी?"

प्रश्न साधा होता. पण दिपेशला काकांचं तोंड दिसलं आणि उत्तर कळलं. कल्पेशची पाळी काकांच्या ठेक्यातल्या माणसांची; तिथला कागद वर जाणार तो ठेकेदाराच्या हातूनच.

"बाबा?" करिष्मा वळली.

हिरामणकाकांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. "माज्याकडं," ते म्हणाले. "मॅनेजर बोल्ला, मागच्या दारातनं माल चोरीला जातो, साखली ऱ्हाऊ दे. उगाच कागद नको पाठवू, हिरामण. मी बोल्लो, बरा. पोर रोज जेवताना पुसायचा, बाबा, दिला काय? मी बोलायचो, दिला." त्यांनी दिपेशकडे पाहिलं. "तू तरी त्याला तोंडावर 'नाय' बोल्लास. मी खोटा बोल्लो. जेवायच्या पानावर बसून."

संजीवनीने तोंडाला पदर लावला. करिष्मा बापाकडे एक पाऊल गेली आणि तिथेच थांबली.

कौसाबाई भिंतीचा आधार घेऊन उठली. नवऱ्यासमोर येऊन तिने हात पुढे केला. "कपाटाची चावी दे."

"कौसा..."

"दे."

काकांनी कमरेची चावी सोडून दिली. आत कपाटाचं दार करकरलं, डबे हलवल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, रेशन कार्ड आणि वीजबिलांची. तिला वाचता येत नव्हतं. तिने एकेक कागद काढून तेजलसमोर धरला. चौथा की पाचवा कागद बघून तेजलने तो हातात घेतला. कल्पेशचं अक्षर थोडं डावीकडे कललेलं असायचं.

ती तो कागद वाचत राहिली. मग तिने कंपनीचा कागद घडी करून पाकिटात घातला, पाकीट काकांच्या खुर्चीच्या हातावर ठेवलं.

"मंगळवारी यांचं हे पत्र द्यायचं," ती म्हणाली. "आणि दादांचं शूटिंग."

"याची कॉपी देऊन चालणार नाही," संजीवनी एकदम बोलली. गाडीतला आवाज तो नव्हताच. "कॉपीला ते म्हणतील कापाकापी केली. मूळ डिस्क द्यावी लागेल, सगळे चार दिवस, तारीखवेळेसकट. कॅमेऱ्याची नोंदवहीही आहे माझ्याकडे. मी सोबत येईन."

दिपेशने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, तेजलकडे बघत होती.

सोमवारी शौनकचा फोन आला. दिपेश म्हणाला, "डिस्क देतोय, पण तुम्हाला नाही. निरीक्षकांना." पलीकडून तो मुलगा हळू आवाजात म्हणाला, "सर, मला विचारलं तर मी सांगेन, तुमचा फोन लागला नाही," आणि त्याने फोन ठेवला.

मंगळवारी कल्याणच्या कार्यालयात हिरामणकाका सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले होते, पांढऱ्या टोपीत, एकटे. रविवारनंतर घरात त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. रिक्षाने स्टेशनला, तिथून पुढे, असे ते आपले आपण आले होते. त्यांचा जबाब आधी झाला. दार उघडून ते बाहेर आले, दिपेशच्या शेजारून गेले आणि जाता जाता त्याच्या पाठीवर क्षणभर हात ठेवून गेले.

आत टेबलामागच्या निरीक्षक बाईंनी शूटिंग दोनदा पाहिलं. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता. शेजारी लिपिक टाइप करत होता.

"नाव?"

त्याने सांगितलं.

"व्यवसाय?"

"जाहिरातपट करतो. दिग्दर्शक आणि छायाचित्रकार."

"साखळी चित्रीकरणाच्या दिवशी होती?"

"चारही दिवस होती."

"ती फलक लावून झाकायला कंपनीच्या कुणी सांगितलं होतं?"

इथे एक फट होती. त्याला ती दिसली, तिथून सरळ बाहेर पडता आलं असतं. कंपनीचा माणूस सेटवर होताच. खिडकीतून खालच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

"कुणी नाही," तो म्हणाला. "मी सांगितलं. कुणी सांगायच्या आधी मलाच कळतं गिऱ्हाइकाला काय नको असतं. तेच माझं काम आहे."

लिपिकाने मान वर केली. "हे पण लिहायचं, मॅडम?"

"जसं म्हणाले तसं लिहा."

प्रत्येक पानावर त्याने सही केली.

पुढे अहवाल यायला साडेचार महिने लागले. त्यात मयत सुपरवायझरने धोक्याची लेखी सूचना दिली होती आणि त्याची कोणतीही चूक नव्हती, असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि करिष्माने ते वाक्य आईला तीनदा वाचून दाखवलं. काकांचा ठेका त्याआधीच गेला होता. दिपेशची एमआयडीसीतली कामं एकेक करून बंद झाली. कुणी काही म्हणालं नाही, फक्त फोन येईनासे झाले, आणि पावसाळ्यानंतर त्याला आठातली तीन माणसं दुसरीकडे लावून द्यावी लागली. तेजलने अंबरनाथला एका बालवाडीत नोकरी धरली.

पण ते सगळं पुढचं. त्या मंगळवारी दुपारी कार्यालयाच्या पायऱ्यांवर तेजल एकटीच थांबली होती. संजीवनी आणि करिष्मा खाली रिक्षा बघत होत्या. दिपेश बाहेर आला, तिच्यापासून दोन पायऱ्या वर थांबला.

"सगळं सांगितलंत?" तिने विचारलं.

"सगळं."

तिने मान हलवली. तिच्या पर्सची चेन तिने उघडली, काही न काढता बंद केली. "ते तुम्हाला फार मानायचे, दादा. फिल्म आल्यावर पंधरा दिवस फोनवर तीच लावून बसायचे. साखळी झाकल्याचा राग नसावा त्यांना. एकदा म्हणाले होते, दादाचं पण पोट आहे. कशाबद्दल ते मला रविवारी कळलं."

त्याने कठड्याला हात लावला.

"मला मात्र आहे राग," तेजल म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही खरं बोललात, ते मी विसरणार नाही. पण दुसरं पण विसरता येत नाही. तुम्ही घरी येत जा. पोरीला तुमची सवय आहे." ती एक पायरी उतरली, थांबली. "पण एवढ्यात नको."

"बरं," तो म्हणाला.

खालून करिष्माने हाक मारली. तेजल पदर सावरत उतरली आणि रिक्षात बसली. रिक्षा वळून दिसेनाशी होईपर्यंत दिपेश पायऱ्यांवरच उभा होता.